नावाने सफाईचे साधन, कायद्याने सायलेन्सर

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या वाचकांकडून ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ या बंदूक साफ करण्याच्या साधनाविषयी काही पत्रे आली आहेत. प्रत्येक पत्रातील परिस्थिती वेगळी असली तरी मूळ शंका एकच आहे, म्हणून या वेळचे सदर या एका विषयालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. येथे दिलेली माहिती प्रामुख्याने अमेरिकेच्या संघीय कायद्याविषयी आहे. ती समजून घेण्यासाठी आहे, आपापल्या प्रकरणात वकिलाची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि अमेरिकेचा नागरिक आहे. रायफल नेमबाजीचा छंद असल्याने काही वर्षांपूर्वी एक सॉल्व्हंट ट्रॅप ऑनलाइन मागवला होता. तो नळीच्या टोकावरील आट्यांवर फिरवून बसवायचा, मागच्या बाजूने सॉल्व्हंट म्हणजे मळ विरघळवणारे द्रावण घालून गज फिरवायचा आणि नळीतून निघणारे काळे पाणी त्यात जमा होऊ द्यायचे, एवढाच त्याचा उपयोग. आत एकापुढे एक बसणारे धातूचे कप आहेत. त्यांना किंवा पुढच्या झाकणाला छिद्र नाही, त्यामुळे त्यातून गोळी जाणे शक्यच नाही. तरीही एक मित्र म्हणतो, की हा सायलेन्सर आहे आणि तो घरात ठेवणे गुन्हा आहे. त्याचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून आपल्या मित्राची भीती निराधार म्हणता येत नाही. छिद्र नाही म्हणजे सायलेन्सर नाही, हा समज अतिशय प्रचलित आहे आणि नेमका तोच लोकांना अडचणीत आणतो.

सायलेन्सरची संघीय व्याख्या केवळ तयार, चालू स्थितीतील वस्तूपुरती मर्यादित नाही. बंदुकीचा आवाज बंद करणारे, दाबणारे किंवा कमी करणारे कोणतेही साधन तर तिच्यात येतेच. पण सायलेन्सर जुळवण्यासाठी किंवा घडवण्यासाठी रचलेला आणि त्याच हेतूने ठेवलेला सुट्या भागांचा संचही येतो, आणि केवळ अशा जुळणीसाठीच असलेला एखादा सुटा भागदेखील येतो. म्हणजे गोळी त्यातून आज जाते की नाही, हा प्रश्न व्याख्येत कोठेच विचारलेला नाही. प्रश्न आहे तो रचनेचा आणि हेतूचा.

बंदुकांविषयीच्या संघीय कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या एटीएफ या यंत्रणेने नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानाधारक विक्रेत्यांना उद्देशून एक खुले पत्र काढले. सॉल्व्हंट ट्रॅप म्हणून विकली जाणारी काही साधने, त्यांना छिद्र पाडलेले असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने सायलेन्सरच आहेत, अशी भूमिका तिने त्यात मांडली. अशी साधने पारखताना ती काय पाहते, हेही पुरेसे स्पष्ट आहे. आतील कप हे सायलेन्सरमधील पडद्यांसारखे आहेत का, त्यांच्या मधोमध पुढे छिद्र कोठे पाडायचे हे दाखवणारी खूण किंवा खळगा आहे का, कपांमध्ये अंतर राखणाऱ्या कड्या आणि वायू पसरण्यासाठी मोकळी जागा आहे का, हे सारे पाहिले जाते. आपण आपले साधन उघडून कपाच्या मधोमध बोट फिरवून पाहा. तेथे टोचल्यासारखा बारीक खळगा लागला, तर घाण पाणी गोळा करण्यासाठी त्याची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणे अवघड जाईल. पाणी साठवायला डबी पुरते. त्यासाठी टायटॅनियमची नळी आणि शंकूच्या आकाराचे सात-आठ कप लागत नाहीत.

एटीएफची प्रत्येक भूमिका न्यायालयाने डोळे झाकून मान्य केली आहे, असे मात्र नाही. २०१४ मध्ये नळीच्या टोकावर बसणाऱ्या एका वेगळ्या साधनाच्या प्रकरणात वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने एटीएफला चांगलेच सुनावले होते. चार पाय, शेपटी आणि करडी कातडी एवढे साम्य आहे म्हणून उंदीर हत्ती ठरत नाही, या आशयाचे त्या निकालातील वाक्य आजही वकील उद्धृत करतात. पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, कारण २०१६ मध्ये फर्स्ट सर्किट या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात एटीएफची बाजू उचलून धरली. तेथे उत्पादकाचे म्हणणे होते, की आपला भाग बंदुकीचा झटका कमी करण्यासाठी आहे. न्यायालयाने तो भाग सायलेन्सरच्या आतील गाभ्यासारखाच असल्याचे वस्तुनिष्ठ पुरावे पाहिले आणि उत्पादकाने सांगितलेला हेतू पुरेसा मानला नाही. आपण ‘मी तर सफाईसाठी घेतला’ असे म्हणाल, तेव्हा आपल्या शब्दांना किती वजन मिळेल, याचा अंदाज या दुसऱ्या निकालावरून बांधावा.

आता धोका किती, ते सांगतो. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार सायलेन्सर हे नोंदणी सक्तीचे शस्त्र आहे. आपल्या नावावर नोंद नसलेला सायलेन्सर नुसता ताब्यात असणे हाच पूर्ण गुन्हा आहे; तो वापरलाच पाहिजे किंवा बंदुकीवर चढवलाच पाहिजे असे नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची आहे. या कायद्यात दंडाचा आकडा १०,००० डॉलर असला तरी दंडाविषयीच्या सर्वसाधारण संघीय तरतुदीमुळे तो २,५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. शिवाय वस्तू जप्त होते, आणि दोषी ठरलेल्या माणसाला पुढे कोणतीही बंदूक बाळगता येत नाही. छंद असलेल्या माणसासाठी ही शेवटची गोष्ट तुरुंगाइतकीच जिव्हारी लागणारी असते.

आपण काय करावे? सर्वात आधी, त्या साधनाला हात लावून काही बदल करू नये. त्यात छिद्र पाडणे म्हणजे आजचा संशयास्पद ताबा स्वतःच्या हाताने निर्मितीच्या गुन्ह्यात नेणे होय, कारण परवानगीवाचून सायलेन्सर बनवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ते कोणाला विकू नये, भेट देऊ नये, विक्रेत्याकडे टपालाने परत पाठवू नये. नोंद नसलेल्या शस्त्राचे हस्तांतरण हाही वेगळा गुन्हा आहे. त्याविषयी कोणाशी लेखी चर्चा करू नये. बंदुकांच्या संघीय कायद्यात काम करणाऱ्या फौजदारी वकिलाला भेटावे. साधन एटीएफच्या स्वाधीन करण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण तो वकिलामार्फत चोखाळावा. कारण वस्तू देताना आपण जे बोलाल, ते आपल्याविरुद्ध वापरले जाऊ नये असे संरक्षण आपोआप मिळत नाही.

प्रश्न : ज्या वस्तूची जाहिरात उघडपणे होते, जी क्रेडिट कार्डाने विकत घेता येते आणि टपालाने घरी येते, ती बेकायदा कशी असू शकते? दोष असेल तर तो विकणाऱ्याचा. मला कायदा ठाऊक नव्हता, हे न्यायालय समजून घेणार नाही का? (जॉर्जिया)

उत्तर : विक्रेत्याचा दोष असेलच, आणि अशा विक्रेत्यांवर कारवाईही होते. पण त्याचा दोष आपला ताबा कायदेशीर करत नाही. उलट, विक्रेत्यावर छापा पडला की पहिली हाती लागते ती गिऱ्हाइकांची यादी, पत्त्यांसह आणि तारखांसह. क्रेडिट कार्डाने घेतले हा आपल्या सद्हेतूचा पुरावा आपल्याला वाटतो. तपास अधिकाऱ्याला तो ताब्याचा पुरावा वाटतो.

अज्ञानाच्या बचावाचे दोन भाग पाडले पाहिजेत. १९७१ च्या फ्रीड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शस्त्राची नोंद नाही हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध करण्याची गरज नाही. १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने सरकारवर एक महत्त्वाचा भार टाकला : ज्या गुणधर्मामुळे वस्तू या कायद्याखाली येते, तो गुणधर्म आरोपीला ठाऊक होता, हे सिद्ध झाले पाहिजे. तेथे प्रश्न रायफल स्वयंचलित आहे हे आरोपीला माहीत होते का, असा होता. याचा अर्थ ‘मला कायदा माहीत नव्हता’ हा बचाव टिकत नाही, पण ‘ही वस्तू आवाज दाबण्यासाठी रचलेली आहे हे मला माहीत नव्हते’ हा बचाव मांडता येतो. तो टिकेल की नाही, हे आपल्या संगणकातील शोधांवर, आपण लिहिलेल्या अभिप्रायांवर आणि मित्राला पाठवलेल्या थट्टेच्या संदेशांवर अवलंबून राहते. ‘सफाईसाठी’ या शब्दांपुढे डोळा मारणारे चिन्ह टाकून केलेला एखादा संदेश ज्यूरीसमोर वाचला गेला, तर स्टेपल्सचा आधार तेथेच सुटतो.

आणखी एक गोष्ट. दारावर अधिकारी आले, तर त्यांच्याशी उद्धटपणा करू नये आणि गप्पाही मारू नयेत. वॉरंट नसेल तर घरात येण्याची परवानगी नाकारणे आणि वकिलाशिवाय बोलणार नाही असे नम्रपणे सांगणे हा आपला हक्क आहे. खोटे मात्र कदापि बोलू नये, कारण संघीय अधिकाऱ्याला खोटे सांगणे हा स्वतःच पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. चौकशीची चाहूल लागल्यावर वस्तू तोडून कचऱ्यात टाकणे तर त्याहून वाईट; पुरावा नष्ट करण्याच्या कलमाखाली वीस वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट.

प्रश्न : माझे पती एच-१बी व्हिसावर आहेत, मी एच-४ वर आहे आणि आमच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू आहे. पतींच्या एका सहकाऱ्याने परदेशातून ‘फिल्टर’ या नावाने काहीतरी मागवले आणि घरी कोणी नसते म्हणून पार्सलवर आमचा पत्ता व पतींचे नाव दिले. पार्सल आलेच नाही. त्याऐवजी सीमाशुल्क विभागाचे जप्तीचे पत्र आले, त्यात सायलेन्सरचे भाग असा उल्लेख आहे. सहकारी म्हणतो, की पत्राकडे दुर्लक्ष करा, काही होत नाही. आम्ही घाबरलो आहोत. (ओहायो)

उत्तर : आपली भीती योग्य आहे आणि सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा आहे. हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण या विषयावरील इंग्रजी चर्चा बहुतेक नागरिकांना समोर ठेवून चालते आणि व्हिसावरील माणसाचे काय होईल, याचा तीत उल्लेखही नसतो.

सायलेन्सर खाजगी माणसाला परदेशातून मागवताच येत नाही. त्याच्या आयातीला अत्यंत मर्यादित अपवाद आहेत आणि छंद त्यात बसत नाही. म्हणून स्वस्तात परदेशातून मागवलेले असे पार्सल, त्यावर फिल्टर लिहिलेले असो की सफाईचा संच, सीमेवर अडकले की दोन गोष्टी घडू शकतात. एक तर जप्तीचे पत्र येते, जसे आपल्याला आले. किंवा अधिकारी ते पार्सल नजरेखाली ठेवून घरी पोहोचू देतात, आणि स्वीकारणाऱ्याच्या मागोमाग झडतीचे वॉरंट घेऊन येतात. वस्तू आपल्या हाती पडली नाही, हे आपले सुदैव आहे.

व्हिसाधारकाची स्थिती नागरिकापेक्षा वेगळी का, ते पाहा. संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. या कायद्याच्या व्याख्येत ‘बंदूक’ या शब्दात सायलेन्सरचाही समावेश होतो. म्हणजे एकही बंदूक घरात नसली तरी नुसता सायलेन्सर, किंवा सायलेन्सर ठरणारा सफाईचा संच, ताब्यात असणे हे मनाईचे उल्लंघन आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षे आहे. अपवादात बसणाऱ्या शिकाऱ्यालाही नोंदणीची अट सुटत नाही. २०१९ च्या रेहाइफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपीला आपली बंदी असलेली स्थिती ठाऊक होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. तो खटला विद्यार्थी व्हिसावर येऊन, व्हिसाचा आधार संपल्यावर नेमबाजीच्या मैदानावर गेलेल्या तरुणाचा होता. पण एच-१बीवरील माणसाला आपण एच-१बीवर आहोत हे ठाऊक नव्हते, असे कोण मानणार?

त्याहून गंभीर भाग इमिग्रेशनचा आहे. बंदुकीचा बेकायदा ताबा, खरेदी किंवा विक्री यासाठी दोषी ठरलेली परदेशी व्यक्ती हद्दपारीस पात्र होते, मग तिच्याकडे ग्रीन कार्ड असले तरीही. त्यातही १९३४ च्या नोंदणी कायद्यातील गुन्हे इमिग्रेशन कायद्याने ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ या सर्वात कठोर वर्गात नावानिशी घातले आहेत. या वर्गात दोषसिद्धी झाली, की हद्दपारी रद्द करून घेण्याचे नेहमीचे दरवाजे बंद होतात आणि नागरिकत्वाचा मार्ग कायमचा संपतो. न्यायाधीशाने दयाळूपणे एका दिवसाचीही कैद दिली नाही, तरी हा परिणाम बदलत नाही. राज्याच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून ‘निकाल पुढे ढकलला, वर्षभर नीट वागा, नोंद पुसली जाईल’ अशी सवलत मिळते. नागरिकासाठी ती खरोखर सवलत असते, पण इमिग्रेशन कायदा तिलाही बहुतेक वेळा दोषसिद्धीच मानतो. २०१० च्या पडिला खटल्यानंतर आरोपीच्या वकिलाने हद्दपारीच्या धोक्याविषयी अशिलाला सल्ला देणे घटनात्मकदृष्ट्या आवश्यक ठरले आहे. वकिलाने हा विषय स्वतःहून काढला नाही, तर आपण काढावा, आणि तरीही उत्तर मोघम मिळाले तर दुसरा वकील पाहावा.

आपल्या प्रकरणात अजून आरोप नाही, कबुली नाही आणि ताबाही नाही, म्हणून घाबरून कसलीही कृती करू नये. जप्तीच्या पत्रात उत्तर देण्याची मुदत आणि काही पर्याय दिलेले असतात : माल परत मिळावा म्हणून अर्ज करणे, प्रकरण न्यायालयात नेण्याची मागणी करणे किंवा मालावरील हक्क सोडून देणे. या पत्राला आपल्या शब्दांत उत्तर लिहू नये. ‘हे माझ्या सहकाऱ्याचे आहे, मी फक्त पत्ता दिला’ हे वाक्य आपल्याला निर्दोषपणाचे वाटते, पण त्यात पार्सल घेण्याची संमती होती, ही कबुलीही दडलेली आहे. फौजदारी आणि इमिग्रेशन अशा दोन्ही बाजू जाणणाऱ्या वकिलाने, किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या दोन वकिलांनी, मुदतीच्या आत उत्तर द्यावे. पार्सलची मागणी कोणी केली, पैसे कोणाच्या कार्डावरून गेले, पत्ता देण्याविषयी काय बोलणे झाले, यासंबंधीचे संदेश जसेच्या तसे जपून ठेवावेत. ते आज आपल्याला निरुपयोगी वाटतील, पण उद्या तेच आपला बचाव असतील. सहकाऱ्याशी या विषयावर यापुढे बोलणे थांबवावे. नोकरीच्या ठिकाणी संबंध बिघडतील हा विचार येथे बाजूला ठेवावा लागेल. ज्याने दुसऱ्याच्या व्हिसावर आपले पार्सल मागवले, त्याने संबंधांचा विचार आधीच सोडून दिला होता.

पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा आपण केला आहे का, अशा आशयाचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर त्या वेळी वकिलाला विचारूनच द्यावे, म्हणून आजची सर्व कागदपत्रे एकत्र ठेवावीत.

प्रश्न : माझे अमेरिकन सासरे अलीकडेच वारले. त्यांच्या गॅरेजमध्ये बंदुका साफ करण्याच्या सामानात एक आटे असलेली जड नळी सापडली. नवरा म्हणतो, की ती वडिलांची आठवण म्हणून ठेवू या. ठेवावी का? (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : ती नळी सायलेन्सर असू शकते, म्हणून आठवण ठेवायची तर आधी नोंदणीचा कागद शोधावा. सासऱ्यांनी तो सायलेन्सर रीतसर घेतला किंवा बनवला असेल, तर एटीएफने मंजूर केलेला अर्ज कोठेतरी असेल. बंदुकीच्या तिजोरीत, बँकेच्या लॉकरमध्ये, कराच्या फायलींत. अनुक्रमांक नळीवर कोरलेला असतो आणि तो अर्जावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. असा कागद मिळाला, तर मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीने कायदेशीर वारसाच्या नावे फॉर्म ५ हा हस्तांतरणाचा अर्ज भरावा. त्याला कर नाही, आणि वारसा प्रक्रियेला लागणारा वाजवी काळ व्यवस्थापकाला मिळतो. मंजुरी येईपर्यंत ती वस्तू व्यवस्थापकाच्याच ताब्यात राहावी, नवऱ्याच्या कपाटात नव्हे.

कागद सापडला नाही, तर वारसाहक्क त्या वस्तूला लागूच होत नाही. नोंद नसलेले असे शस्त्र नंतर नोंदवता येत नाही. अशी माफीची खिडकी १९६८ मध्ये जेमतेम एका महिन्यासाठी उघडली होती. त्यानंतर सर्वसामान्यांसाठी ती पुन्हा उघडली गेली नाही. अशा वेळी वकिलामार्फत ती एटीएफकडे सोपवावी. सासऱ्यांचा आता काही तोटा होणार नाही, आणि व्यवस्थापकाने ती सापडताच पावले उचलली, ही गोष्ट त्याच्या बाजूने राहील.

प्रश्न : १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील २०० डॉलरचा कर शून्य झाला. मग आता सॉल्व्हंट ट्रॅपचा प्रश्नच उरला नाही, नाही का? शिवाय आमच्या राज्याने तर राज्यातच बनलेल्या सायलेन्सरला संघीय कायदा लागू नाही, असा कायदा केला आहे. (कॅन्सस)

उत्तर : कर शून्य झाला, नोंदणी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १९३४ पासून न बदललेली २०० डॉलरची रक्कम सायलेन्सरसाठी शून्यावर आणली. पण अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र, स्थानिक पोलीसप्रमुखाला सूचना आणि मंजुरीची वाट पाहणे, हे सर्व तसेच आहे. करच उरला नाही तर कराच्या अधिकारावर उभा असलेला हा कायदा घटनात्मक कसा, असा प्रश्न विचारणारे दावे न्यायालयांत दाखल झाले आहेत. वकील म्हणून मला तो युक्तिवाद वजनदार वाटतो. पण दुसऱ्याच्या दाव्याच्या भरवशावर स्वतःच्या कपाटात गुन्हा ठेवणे मला कोणालाही सुचवता येणार नाही.

घरी सायलेन्सर बनवायचा असेल, तर फॉर्म १ आधी मंजूर व्हावा लागतो. येथे सॉल्व्हंट ट्रॅपवाल्यांची विशेष कोंडी होते. अर्जात ‘माझ्याकडे असलेल्या संचातून बनवणार’ असे लिहिले आणि तो संच एटीएफच्या मते आधीच सायलेन्सर असला, तर अर्जदाराने नोंद नसलेला सायलेन्सर जवळ असल्याचे स्वतःच सांगितल्यासारखे होते. २०२२ च्या सुरुवातीला असे शेकडो अर्ज फेटाळले गेले आणि प्रामाणिकपणे परवानगी मागणारे लोकच धास्तावले. माझ्या मते ती कारवाई अन्यायाची होती, कारण त्याआधी तसेच अर्ज मंजूर होत आले होते. नोंदणीच्या अर्जातील माहिती आधीच्या उल्लंघनासाठी पुरावा म्हणून वापरण्यास कायद्याने मर्यादा घातली आहे, हे खरे; पण ती मर्यादा वकिलाच्या हातातले हत्यार आहे, अर्ज भरण्याचे निमित्त नव्हे. ज्याला आवाज कमी करायचा आहे, त्याने आज परवानाधारक विक्रेत्याकडून तयार आणि नोंदलेला सायलेन्सर फॉर्म ४ भरून घ्यावा. कर नसताना आडवाटेने जाण्यात पैशाचाही फायदा उरलेला नाही.

राज्याच्या कायद्याचे म्हणाल, तर उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे. कॅन्ससने २०१३ मध्ये तो कायदा केल्यावर एका दुकानदाराने नोंद नसलेले सायलेन्सर बनवून विकले आणि एका माजी सैनिकाने त्याच कायद्याच्या भरवशावर एक विकत घेतला. दोघेही संघीय न्यायालयात दोषी ठरले, २०१८ मध्ये टेन्थ सर्किटच्या अपील न्यायालयाने ती शिक्षा कायम केली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. राज्य संघीय कायद्याच्या अंमलबजावणीत मदत करण्यास नकार देऊ शकते, पण आपल्या नागरिकाला त्यातून सूट देऊ शकत नाही. उलट दिशेने मात्र राज्याचा शब्द चालतो : कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या आठ राज्यांत सामान्य माणसाला नोंदलेला सायलेन्सरही ठेवता येत नाही. आपण कॅन्ससमधून अशा राज्यात राहायला जाणार असाल, तर सामान बांधण्यापूर्वी हा विचार करावा. आणि नोंदलेला सायलेन्सर राज्याबाहेर नेण्यास संघीय पूर्वपरवानगी लागत नसली, तरी गंतव्य राज्याचा कायदा तेथे पाऊल टाकताच लागू होतो.

प्रश्न : हे सर्व वाचून सॉल्व्हंट ट्रॅप नकोच असे वाटते. मग रायफल साफ करताना सॉल्व्हंट फरशीवर सांडू नये म्हणून काय वापरावे? (कोलोरॅडो)

उत्तर : बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मागच्या बाजूने गज घालावा, नळीचे तोंड किंचित खाली झुकते ठेवावे आणि त्याखाली रुंद तोंडाची बरणी ठेवून भोवती जुने फडके गुंडाळावे. ओढून काढायची दोरीसारखी ब्रश वापरली, तर सॉल्व्हंट फारसा लागतही नाही. मात्र बरणी किंवा बाटली नळीला आट्यांनी जोडण्याच्या फंदात पडू नये. गाडीच्या तेलाचा फिल्टर नळीवर बसवणारे आट्यांचे जोड बाजारात दिसतात, आणि तेही याच व्याख्येच्या कचाट्यात येतात.